चेहरो दे, फोटो घे

तमाम लोकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, विसाव्या वर्षी मी दिसायला फार सुंदर होते. या विधानाला आज कोणताही पुरावा उपलब्ध नाही. त्या काळचा आरसा फुटला, त्या काळचे साक्षीदार एकेक करून गेले, आणि जे उरले आहेत त्यांना मोतीबिंदू झाला आहे. पुरावा उमटायचा होता तो एका काचेवर. फोटो तेव्हा काचेवर निघत, आणि ती त्या वैशाखात मालवणातली शेवटची काच होती. ती दुसऱ्याच माणसावर खर्च झाली. देशाचं नुकसान झालं ते झालं.

ज्यांच्यावर ती खर्च झाली त्यांचा फोटो आज माझ्या ओटीवर आहे. सासऱ्यांच्या फोटोला हार आहे, सासूबाईंच्या फोटोला हार आहे, मधल्या या गृहस्थांना नाही. घरात येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्याकडे बघतो आणि मग माझ्याकडे. जाऊन इतकी वर्षं झाली, बाई, आणि साधा हार नाही? मी म्हणते, नाही घालायचा. तेवढ्यात चहा येतो आणि विषय बदलतो.

हे गृहस्थ आमचे भाडेकरू. मी कसालहून लग्न होऊन मालवणात आले तेव्हा सासूबाईंनी बाहेरची पडवी त्यांना देऊन ठेवलेली होती. त्यांचा एक भाऊ विजयदुर्गाकडे बाग राखून होता. त्या बागेतले नारळ हेच आमचं भाडं. माणूस उंच, शेवग्याच्या शेंगेसारखा वाळलेला. नखं औषधांनी काळी पडलेली, आणि एक डोळा कायम बारीक केलेला, झोपेतसुद्धा. आमच्याकडच्या बायका बाजारात बांगडा घेताना त्याचे कल्ले उचलून बघतात ना, तसे ते माणसांकडे बघायचे. माणूस घाबरला नाही तर नवल.

तरुणपणी ते मुंबईत एका स्टुडिओत होते. तिथे काम काय, तर लग्नाच्या मुली काचेवर पेन्सिलीने गोऱ्या करायच्या आणि शेटजींच्या गालावरचे देवीचे वण भरून काढायचे. "अर्धा आयुष्य खड्डे बुजवण्यात गेला," असं ते बांधकाम खात्यात नोकरी केल्यासारखं सांगत. एके दिवशी कंटाळले, आणि लाकडी कॅमेरा, तिपाई आणि काचांची पेटी घेऊन आगबोटीतून मालवणच्या बंदरात उतरले ते परत गेलेच नाहीत.

पैसे घेऊन फोटो काढायचा नाही, असं त्यांनी ठरवलेलं होतं. पैसे घेतले की गिऱ्हाइकाला हवा तसा चेहरा काढून द्यावा लागतो. यांना चेहरा स्वतःच्या पसंतीचा हवा. पसंत पडला की भर बाजारात आडवे येऊन म्हणायचे, "वायच चेहरो दे, फोटो घे." वायच म्हणजे थोडासा. जणू चेहरा मिठाच्या खड्यासारखा चिमूटभर देता येतो. एक प्रत देणाऱ्याला, एक त्यांच्या पडवीच्या भिंतीवर. सौदा सरळ होता. आमच्याकडे तेव्हा तांदूळ देऊन मासे घेत, मासे देऊन भाजी घेत. कोणी कचरलं तर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "भिवचा काय त्यात? यंत्र गिळता काय?"

दाढी मात्र ते विहिरीच्या कठड्यावर बसून, हाताने गाल चाचपत, बिनआरशाची करायचे. हनुवटीवर रोज कुठेतरी कापसाचा बोळा चिकटवलेला. सासूबाईंनी एकदा घरातला आरसा देऊ केला, तर म्हणाले, एकच आरसा आहे, तो सुनबायला असू दे. मला तेव्हा त्यांचा केवढा आदर वाटला होता.

आता आमच्याकडची त्या काळची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या भागात भिंतीवर जिवंत माणूस लावत नसत. फोटो काढायचा तो माणूस गेल्यावर. ज्यांना परवडे ते फोटोवाल्याला बोलावणं पाठवत. तो येईपर्यंत गेलेल्याला पाटाशी टेकवून बसवत, गंध लावत, आणि फोटोवाला मागाहून त्याचे डोळे पेन्सिलीने उघडे करून देई. आमचे सासरे असेच भिंतीवर होते. त्यांचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त उघडलेला होता. नवी नवरी म्हणून मी संध्याकाळी दिवा घेऊन ओटीवर जायची ती मान खाली घालून. शालीनतेबद्दल माझं कौतुक व्हायचं. शालीनता कसली, त्या डोळ्याला डोळा द्यायची छाती नव्हती.

अशा गावात या गृहस्थांनी पहिला चेहरा मागितला तो एका म्हाताऱ्या तांडेलांचा. तांडेल म्हणजे मच्छिमार होडीचा म्होरक्या. हा माणूस वादळाला घाबरत नसे, तो फोटोला काय घाबरणार? बसले, फोटो निघाला, चौकट करून घरी गेला. तांडेलांच्या सुनेने तो खिळ्याला लावला. पण भिंतीवर चौकट आणि तिला हार नाही, हे काही तिच्या डोळ्यांना बरं दिसेना. तिने आपल्या केसांतली अबोलीची वेणी काढून चौकटीला घातली. मनात काही नव्हतं. भाबडी होती, आणि टापटिपीची होती.

त्याच आठवड्यात तांडेलांचा थोरला मुलगा शिमग्यासाठी मुंबईहून न कळवता आला. उंबऱ्यावरून त्याने भिंतीकडे बघितलं, ट्रंक हातातून सुटली, आणि त्याने जो हंबरडा फोडला तो बंदरापर्यंत गेला. आमच्याकडे एखाद्या घरातून रडण्याचा आवाज आला की शेजारणी कारण विचारत नाहीत, आधी येऊन रडतात. घटकाभरात सगळी वाडी अंगणात जमली. तांडेल मागच्या परसात जाळं विणत बसले होते. गलबला ऐकून तेही पुढे आले, मागच्या रांगेत उभे राहिले आणि शेजारणीला हळूच विचारलं, "कोण गेलो गो?"

ती पदरात तोंड खुपसून म्हणाली, "तुमीच."

गाव शिमगा संपेपर्यंत हसत होता. तांडेल मात्र हसले नाहीत. आपल्यामागे कोण किती रडतं, कोणाचा पदर ओला होतो आणि कोणाचा नुसताच डोळ्यांना लागतो, हे त्यांनी उभं राहून बघितलं होतं. त्या दिवसापासून ते होडीवर गेले नाहीत. ओटीवर बसायचे, समोर स्वतःचा फोटो. पावसाळ्याआधी गेले. फोटो लावलेला होताच, हारही होता. घरच्यांना नवीन काही करावं लागलं नाही.

त्यानंतर आणखी काही जण गेले. यात जादू नव्हती. हे गृहस्थ चेहरे मागत ते म्हाताऱ्यांचेच. "गुळगुळीत गालार उजेड घसरता. सुरकुती आसली की तेका बसाक जागा मिळता," असं त्यांचं म्हणणं. सत्तरी ओलांडलेली माणसं गोळा केली तर त्यातली बरीचशी जाणारच. पण गावाने हिशेब उलटा मांडला: हा निवडतो म्हणून माणूस जातो. एका सोनाराने चेहरा द्यायला साफ नकार दिला, तोंडावर दार लावलं, आणि तो तर फोटो काढून घेतलेल्यांच्याही आधी गेला. तेव्हापासून गावात पक्कं झालं, की फोटो काढू दिला काय, न दिला काय, सारखंच. यांनी मागितलं की संपलं. मागणं परत घ्यायचं तर ते मागणाऱ्यानेच घ्यायला हवं. आणि हे गृहस्थ काही परत घेणाऱ्यातले नव्हते. "चेहरो पटलो म्हणजे पटलो," एवढंच म्हणत.

मग बाजारातून त्यांचं जाणं बघण्यासारखं झालं. ते एका टोकाला दिसले की दुसऱ्या टोकापर्यंत पाठी फिरायच्या. म्हातारे लख्ख कोरड्या संध्याकाळी छत्र्या उघडून तोंड झाकायचे. सुक्या मासळीचे एक वृद्ध मुसलमान व्यापारी होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी निराळीच युक्ती काढली. मुद्दाम यांच्यासमोर येऊन उभे राहायचे, हे नाक मुरडून पुढे गेले की दुकानात येऊन सगळ्यांना चहा पाजायचे. यांनी नापसंत केलेला माणूस अजून टिकणार, अशी गावाची खात्री होती. डॉक्टरच्या दाखल्यापेक्षा हा दाखला मोठा. एका पुतण्याने तर चुलत्याचा फोटो काढा म्हणून गुपचूप विनवणी केली होती, चुलत्याची बाग मोठी होती. यांनी जाऊन बघितलं आणि म्हणाले, ह्या चेहऱ्यात काही नाही. चुलत्याने त्या आनंदात सत्यनारायण घातला. पुतण्या प्रसादालाही आला नाही.

मी या सगळ्याला खूप हसायची. मी कसालची. आमच्याकडे हमरस्ता, रोज लॉऱ्या थांबणार, चहाच्या टपरीवर जगभरच्या गप्पा. मालवणच्या लोकांना समुद्राने भित्रं केलंय असं माझं मत होतं, आणि ते मी मोठ्याने बोलूनही दाखवायची.

पण मी राहत होते त्यांच्याच घरात. काचा लाल उजेडातच धुवाव्या लागत, म्हणून पडवीच्या खिडकीला त्यांनी लाल कापड लावलं होतं. दिवेलागणीला आत कंदील पेटला की ती खिडकी निखाऱ्यासारखी दिसायची. रस्त्याने जाणारे पावलं उचलायचे. एकदा मी परसात कपडे काढायला गेले, तर पडवीच्या दाराशी काचा वाळत ठेवलेल्या. जवळ जाऊन बघितलं. काचेवर काळं-पांढरं उलटं उमटतं: काळं तोंड, पांढरे केस कोळशासारखे काळे आणि बुबुळं दुधासारखी. ओळखीचं माणूस होतं ते, आमच्या कासाराची आई, पण कोणीतरी तिला आतून बाहेर उलटं करून ठेवल्यासारखी. दुसऱ्या दिवशी ती बांगड्या भरायला आली तेव्हा मी हात पुढे केला तो डोळे मिटूनच. नंतर कधीतरी कुतूहलाने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत डोकावले. समोर कोणी म्हातारा बसला होता. आत तो खाली डोकं वर पाय असा लटकत होता, वडावरच्या वाघळासारखा, आणि तसाच लटकत माझ्याकडे बघून हसला. त्यानंतर मी जरा कमी हसू लागले.

हळूहळू त्यांना चेहराच मिळेना. एका फोटोऐवजी दोन देतो म्हणाले. चौकट फुकट देतो म्हणाले. कोट हवा असेल तर स्वतःचा काळा कोट देतो म्हणाले. तो कोट याआधी इतक्या जणांनी फोटोपुरता घातला होता, आणि त्यातले इतके जण गेले होते, की कोट दाखवताच लोक पळायचे. महिने गेले. पेटीतल्या काचा ओल लागून खराब झाल्या, एकच उरली. नव्या काचा मुंबईहून आगबोटीने यायच्या, आणि पावसाळ्यापुरत्या आगबोटी बंद व्हायच्या बेतात होत्या. हे गृहस्थ विहिरीवर बसून ती एकच काच उरलेल्या पेटीकडे बघत राहायचे. उपाशी माणूस भाताच्या शेवटच्या मुठीकडे बघतो तसे.

मला तेव्हा सातवा महिना होता. आमचे हे आगबोटीवर इंजिनात कामाला, त्यांचं पत्र कुठल्या बंदरातून येईल ते देवाला ठाऊक. घरात मी आणि सासूबाई दोघीच. सासूबाई म्हणजे कसं सांगू? त्या नुसत्या खाकरल्या तरी अंगणातली कोंबडी चालता चालता थांबायची. माझ्याशी त्या लग्नापासून तीनच गोष्टी बोलत: मीठ जास्त, मीठ कमी, आणि कसालात असंच करतात काय.

त्या सकाळी मी अंगणात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून सालं उन्हात घालत होते. कोपरापर्यंत हात लाल. सावली पडली म्हणून वर बघितलं. ते उभे होते. बारीक डोळा आणखी बारीक झालेला. म्हणाले, "सुनबाय, तुझ्या चेहऱ्यार सध्या दोघांचो उजेड आसा. वायच चेहरो दे."

आज कोणी मला असं म्हणालं तर मी त्याला जेवायला वाढीन. तेव्हा मी लाल हातांनीच पदर तोंडावर ओढला. त्यांनी कधी तरुण माणसाला मागितलं नव्हतं. आणि दोघांचो म्हणाले. एकाच मागण्यात दोघांना मागितलं होतं. मी हसायला गेले, तर ओठ हललेच नाहीत.

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या मला फक्त म्हणाल्या, "आत चल." सालं उन्हात तशीच पडली, कावळ्यांनी विस्कटली, तरी त्या कोणाला ओरडल्या नाहीत. तेव्हा मला कळलं की आपलं काही खरं नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. पोटात हालचाल झाली की वाटायचं, आहे. थांबली की हात ठेवून बसायची. विहिरीच्या पाण्यात तोंड दिसेल म्हणून घागर डोळे मिटून बुडवायची. आरसा मी उशीखाली उलटा ठेवला होता. सासूबाईंनी माझ्या अंगावरून मीठमिरची ओवाळली, मोहरी ओवाळली, आणि त्या दिवसांत मिठाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. एका सकाळी बघते तर ओटीवरचे सासरे भिंतीकडे तोंड करून. त्यांनीच फिरवले होते. म्हणाल्या, "तेंका बघवणा नाय."

मी म्हटलं, आई, त्यांना घर सोडायला सांगा. त्यांनी मान हलवली. सोनाराने दार लावून काय झालं ते त्यांना आठवत होतं. मागणं गावाबाहेर गेलं तरी मागणंच राहणार. त्यांनी पडवीत जाऊन एकदा सांगून बघितलं, भावजी, शब्द मागे घेवा. ते म्हणाले, वयनी, असा चेहरा पुन्हा मिळणार नाही, आणि त्यात भिण्यासारखं आहे काय? यंत्र गिळतं काय?

मग देवाचा कौल लावायचं ठरलं. आमच्याकडे अडल्यानडल्याला ग्रामदेवतेला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाचो चेहरो मागितलेलो आसा. तेणी दिलो तर ती आणि तिच्या पोटातला सुखरूप रवात काय, ता सांग म्हाराजा." जमलेले चारदोन जण म्हणाले, "व्हय म्हाराजा." आणि आम्ही पाकळ्यांकडे बघत बसलो. उजवी पडेना. डावी पडेना. ऊन देवळाच्या पायरीवरून आत आलं, माझे पाय सुजले, घंटेवर माशी बसून उडून गेली, पण देव काही बोलेना. शेवटी गुरवच कंटाळला. म्हणाला, "वयनी, देवान स्वतःचो कधी फोटो काढूक नाय. तो बिचारो काय सांगतलो?"

सासूबाई उठल्या. देवळाखालची घाटी, म्हणजे चढण, उतरू लागल्या. मग मध्येच थांबल्या, मला वाटलं त्यांना भोवळ आली. पण त्या स्वतःशी पुटपुटत होत्या, "स्वतःचो कधी काढूक नाय..." आणि पुढे अशा झपाझप चालू लागल्या की मला मागे धावावं लागलं. सातवा महिना चालू असलेल्या सुनेला. घरी येऊन पाय धुतले नाहीत, पाणी प्यायल्या नाहीत, तडक पडवीत.

"भावजी," त्या म्हणाल्या, "सौदो करूया. तुमका हिचो चेहरो व्हयो मां? देतंय. बदली माका फोटो नको. बदली तुमचो चेहरो व्हयो."

ते हसले. म्हणाले, काच एकच आहे.

"काच रवांदे. नुसते त्या खुर्चेर बसा. यंत्र समोर, फुगो हिच्या हातात. भिया वाटला नाय तर उठा, आणि ती काच हिच्यार वापरा. भिया वाटला तर तोंडान सांगा आणि मागणां परत घेवा."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण त्यांना भीती वाटेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. अख्ख्या गावाला ज्याची भीती, तो स्वतः कशाला भिणार? सासूबाईंनी माझा जीव त्या खुर्चीवर पैजेला लावला होता.

ते म्हणाले, "त्यात काय मोठासा!" आणि भराभर तयारीला लागले. खुर्ची दाराच्या उजेडात. तिपाई. मला मागच्या काचेत बघायला लावलं, आणि स्वतः खुर्चीवर जाऊन बसले. आत बघितलं तर तेही तसेच लटकत होते, खाली डोकं वर पाय, इतर सगळ्यांसारखे. मग उठून त्यांनी सवयीने काच बसवली, तिचं झाकण ओढलं, जो दाबला की फोटो निघतो तो रबरी फुगा मला दाखवला, मी सांगेपर्यंत दाबायचा नाही म्हणून बजावलं. बसले. पुन्हा उठले, तिपाईचा एक पाय सारखा केला. बसले. पुन्हा उठले, उजेड बरोबर नाही म्हणाले, खुर्ची बोटभर सरकवली. बसले. धोतराचा सोगा सारखा केला. घसा साफ केला. आता उठायला काही निमित्त उरलं नव्हतं.

आणि ते समोर भिंगाकडे बघू लागले.

आधी त्यांचा बारीक डोळा हळूहळू उघडला. मी तो कधी उघडा बघितला नव्हता. मग हनुवटीवरचा कापसाचा बोळा थरथरायला लागला. मग कपाळावर घामाचे थेंब आले, एकेक, मोठाले. खुर्चीच्या दांड्यांवरची काळी नखं पांढरी पडली. त्यांच्या मागे, पडवीच्या भिंतीवर, त्यांनीच काढलेले सगळे चेहरे: तांडेल, कासाराची आई, आणि बाकीचे, सगळे आमच्या बाजूने, म्हणजे यंत्राच्या बाजूला, बघत होते, आणि मध्ये हे एक बसले होते, त्यांच्याच रांगेतले. तेव्हा मला विहिरीवरची ती बिनआरशाची दाढी आठवली. म्हणजे आरसा मला असू दे, हे माझ्या मायेपोटी नव्हतंच.

सासूबाई खुर्चीशी गेल्या, वाकल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, "भिवचा काय त्यात, भावजी? यंत्र गिळता काय?"

त्यांनी एकदा माझ्या हातातल्या फुग्याकडे बघितलं. मग ओठ न हलवता, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात ते म्हणाले, "मागणां परत घेतलंय, वयनी."

मागणं परत घेतलं. ते ऐकलं आणि इतके दिवस डोक्यापासून पायापर्यंत आवळून धरलेलं माझं सगळं अंग एकदम सुटलं. फक्त उजवी मूठ काय ती सुटायच्याऐवजी मिटली. त्या मुठीत रबरी फुगा होता. यंत्रात खट् झालं.

शेवटची काच गेली. माझं सौंदर्य गेलं. सासूबाई मटकन खाली बसल्या आणि माझ्या पायाला हात लावून, मी आहे ना, हे बघू लागल्या. (होते. श्रावणात मुलगी झाली, धडधाकट. तिला सासूबाईंनी न्हाऊ घातलं, नातजावई बघितला, आणि हे गृहस्थही पुढे पिकून, सगळे दात पडल्यावर, झोपेत गेले. मात्र त्या दिवसानंतर चेहरा मागताना ते यंत्र गिळतं काय असं कोणाला म्हणाले नाहीत. नुसते शेजारी बसून राहत, समोरच्याची भीती जाईपर्यंत. त्यामुळे, तुम्हाला खोटं वाटेल, चेहरे पुन्हा मिळू लागले.)

पण ते मागाहून. त्या दुपारी ते खुर्चीतून उठलेच नाहीत. खट् झालेल्या यंत्राकडे डोळे फाडून बघत होते, जणू त्यातून अजून काही यायचं आहे. मग मान वळवून मागच्या भिंतीकडे बघितलं, तांडेलांच्या शेजारी एक रिकामा खिळा होता तिकडे. आणि एखादं पोर दचकून जागं होतं तसे ओरडले:

"वयनी, भिंतीर लावा, पण माका हार घालू नकात!"